गप्प राहिले तरच साक्ष टिकते का?

पत्र थोडक्यात असं: पुण्याजवळच्या एका कारखान्यात अकाउंट्स विभागात काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, लहानपणापासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या, आजही संडे स्कूल घेतात. विभागात ख्रिस्ती त्या एकट्याच. काही महिन्यांपूर्वी एका सप्लायरचं एकच बिल दोनदा पास झालं. पास केलं होतं वरिष्ठ सहकाऱ्यानं, पण साहेबांपुढे नाव गेलं ताईंचं. लेखी खुलासा मागितला तेव्हा त्यांनी ‘माझ्या नजरचुकीने’ असं लिहून दिलं. कारण तो सहकारी म्हणाला होता, ‘तुमच्यात तर क्षमा करतात ना मॅडम, जाऊ द्या की.’ आणि आईनं फोनवर सांगितलं, ‘भांडू नको, आपली साक्ष खराब होईल.’ साक्ष म्हणजे आपल्या वागण्यातून लोकांना दिसणारा ख्रिस्तावरचा विश्वास. त्यानंतर तो आपलीही कामं त्यांच्या टेबलावर टाकू लागला. एक दिवस ताईंचा तोल गेला आणि त्या सगळ्यांसमोर ओरडून बोलल्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘दर रविवारी चर्चला जाऊन हेच शिकता का?’ तेव्हापासून त्यांना धड झोप नाही. धर्मांतराची बातमी आली, कुठल्या पाळकाचं प्रकरण निघालं, की जाब त्यांनाच विचारला जातो. त्या लिहितात: ‘ख्रिस्ताच्या वतीनं वकिली करायला देवानं मला इथं ठेवलं असेल, तर मी नापास झाले का? आता खरं सांगितलं तर लोक म्हणतील, ख्रिस्ती असून सूड घेतला. गप्प राहिले तर हे असंच चालणार. मार्चअखेर अप्रेझल आहे. काय करू?’

प्रिय ताई,

त्या ओरडण्याविषयी तुम्ही पानभर लिहिलंय आणि खुलाशाविषयी एक ओळ. मला ती एक ओळ जास्त टोचली. रागात आवाज चढला, तर त्याची माफी मागता येते, आणि ती कशी मागावी ते पुढे सांगतेच. पण जे तुम्ही केलं नाही ते ‘मी केलं’ म्हणून कागदावर सही करून देणं ही निराळी गोष्ट. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आज्ञा तुम्ही संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेत असाल. ती शेजाऱ्याविरुद्धच्या खोट्या साक्षीबद्दल आहे हे खरं, पण खोटं स्वतःविरुद्ध लिहिलं म्हणून ते खरं होत नाही. तुम्ही हे भीतीपोटी केलंत, चांगुलपणापोटी केलंत, आईच्या शब्दाखातर केलंत, हे मला कळतं. बोल लावायला मी हे लिहीत नाही. आपण ख्रिस्ताची माणसं म्हणून जगाला कशा दिसतो, या काळजीनं तुमच्याकडून नेमकं खोटं लिहून घेतलं. म्हणून त्या काळजीलाच आज जरा उजेडात आणू या.

‘ख्रिस्ताच्या वतीनं वकिली’ असा तुम्ही ज्याचा उल्लेख केलात ते वचन बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायातलं. तो अख्खा अध्याय एकदा सलग वाचा. देव जगाशी समेट करतोय आणि त्या समेटाचा निरोप आमच्या हाती दिलाय, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथं सांगतो. आमच्याकडे बघा, आम्ही किती शांत आणि किती सोशिक, असं त्यात कुठंही नाही. उलट त्याच पत्रात तो आपले मारझोडीचे प्रसंग सांगतो, बदनामी सांगतो, देहातला काटा सांगतो. ‘पत्रं वजनदार, पण प्रत्यक्षात माणूस अगदीच दुबळा,’ असं लोक आपल्याबद्दल बोलतात, हेही तो स्वतःच लिहून ठेवतो. ज्याला आपली प्रतिमा जपायची असते तो असलं काही लिहीत नाही. आणि समेट म्हणजे झाकाझाक नव्हे. दोन माणसांमध्ये काय बिघडलं ते दोघांनाही माहीत असल्याशिवाय समेट कशाचा करणार? तुमच्यात आणि त्या सहकाऱ्यात आज शांतता आहे, पण ती तुमच्या एकटीच्या खर्चानं चाललेली आहे.

आता फिलिप्पै शहरातला प्रसंग घ्या, प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता भर चौकात छड्यांनी मारलं, आतल्या तुरुंगात टाकलं, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे गीतं गात होते, मग भूकंप झाला, तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं अख्खं घर विश्वासात आलं. इथवरची गोष्ट आपण मंडळीत शेकडो वेळा ऐकलेली असते. पुढची सकाळ फार कमी वेळा ऐकू येते. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायांकरवी निरोप धाडला की त्या माणसांना सोडून द्या. तुरुंगाचा अधिकारी आनंदानं सांगायला आला, आता शांतीनं जा. पौल गेला नाही. तो म्हणाला, आम्ही रोमी नागरिक. गुन्हा शाबीत न करता आम्हाला लोकांसमोर मारलं, तुरुंगात घातलं, आणि आता गुपचूप बाहेर काढतात काय? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. अधिकारी घाबरले, आले आणि त्यांची समजूत घातली.

रात्री स्तोत्रं गाणारा आणि सकाळी जाब विचारणारा माणूस एकच होता. त्यानं सूड घेतला नाही, कुणाला शिक्षा करा म्हणाला नाही. जे चुकीचं झालं ते चुकीचं होतं, एवढं उघडपणे मान्य व्हावं, इतकंच त्यानं मागितलं. मला वाटतं, त्याच्या डोळ्यांपुढे त्याच गावातल्या लुदिया नावाच्या विश्वासी बाईच्या घरी जमणारी नवी मंडळी असावी. पौल गुन्हेगारासारखा मुकाट निघून गेला असता, तर गावानं मागे राहिलेल्यांकडे कोणत्या नजरेनं पाहिलं असतं? तुमच्याही मागे कुणीतरी आहे. उद्या त्या टेबलावर नवी मुलगी येईल, मग ती कुठल्याही धर्माची असो. तिच्याबरोबरही तो सहकारी हेच करील, कारण असं केलं तर चालतं हे त्याला तुमच्या बाबतीत कळून चुकलंय.

‘दुसरा गाल पुढे कर’ हे वचन तुमच्या ओठांवर आलं असेल. ते ज्यानं सांगितलं त्यालाच प्रमुख याजकापुढे एका शिपायानं थोबाडीत मारली, तेव्हा तो काय म्हणाला ते योहानाच्या १८व्या अध्यायात आहे. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? त्यानं हात उचलला नाही, पण प्रश्न विचारला. मारणाऱ्याला आपण काय केलं याचा विचार करावा लागेल असा प्रश्न.

याचा अर्थ आपण कसंही वागलो तरी चालतं, असा कुणी घेऊ नये. तुमच्या मनातली जबाबदारीची जाणीव खरी आहे आणि ती सोडा असं मी सांगणार नाही. डोंगरावरच्या प्रवचनात ‘तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या’ असं येतं, आणि लगेच पुढच्या अध्यायात ‘लोकांनी पाहावं म्हणून धर्माचरण करू नका’ असंही येतं. ही दोन्ही वचनं एकदम पाळता येतात. प्रश्न आपली नजर कुठे लागलेली आहे, एवढाच. तुमच्यामुळे परक्यांत देवाच्या नावाची निंदा होते, असा कडक शब्द पौलानं रोमकरांस लिहिलाय. पण तो कुणाला? ‘चोरी करू नको’ असं शिकवून स्वतः चोरी करणाऱ्याला. आपल्यावर झालेला अन्याय सांगणाऱ्याला तो तसं म्हणत नाही. शुभवर्तमानांत खुद्द येशूविषयी लोक काय बोलत? खादाड, दारूबाज, जकातदारांचा आणि पाप्यांचा मित्र. नाव चांगलं राहावं म्हणून त्यानं त्या जेवणाच्या पंगती सोडल्या नाहीत.

आता आईच्या शब्दाविषयी. तो मी हलका मानत नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. त्या भागात पुढे जी घरं ख्रिस्ती झाली त्यातली बहुतेक आधीच गावकुसाबाहेरची होती. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांनी नवा धर्म घेतल्यावर तर प्रत्येक पाऊल तोलून टाकावं लागलं. एकाचं भांडण ते अख्ख्या वस्तीचं भांडण व्हायचं. तिथं गप्प राहणं हे शहाणपण होतं, कधी कधी जिवावरचं संकट टाळणं होतं. आई तुम्हाला जे सांगते ते भित्रेपणानं सांगत नाही, तिच्या आईनं आणि आजीनं टिकून राहण्यासाठी जे केलं ते सांगते. पण त्या परिस्थितीत जे करावं लागलं, त्यालाच पुढे आपण देवाची इच्छा समजू लागलो. आईला हे वाद घालून पटणार नाही. फिलिप्पैची सकाळ तिच्याबरोबर वाचा, आणि तुम्ही काय करणार आहात ते आधी सांगा. मागाहून कळलं तर ती जास्त घाबरेल.

संख्येचाही विचार करा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, त्यात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार. शंभरात पुरता एकसुद्धा नाही. त्यातलेही पुष्कळ मुंबई, ठाणे, वसई, पुणे या पट्ट्यात. म्हणजे तुमच्या विभागातल्या काही जणांना जवळून माहीत असलेली पहिली ख्रिस्ती व्यक्ती तुम्हीच असाल. म्हणूनच ते तुमच्यात सगळा धर्म बघतात. यात त्यांचाही सगळा दोष नाही. पण ते तसं बघतात म्हणून तुम्ही जगभरच्या ख्रिस्ती लोकांचा हिशेब देणं लागत नाही. हे ओझं दुसऱ्यांनी तुमच्या खांद्यावर ठेवलंय. देवानं सोपवलेलं काम आणि ऑफिसनं चिकटवलेलं काम, या दोन्हींची तुम्ही गल्लत केलीय आणि दोन्हींना एकाच निष्ठेनं वाहताय. थकणारच.

पंडिता रमाबाईंना हे ओझं फार जवळून माहीत होतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये वॉन्टेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. इकडे लोकांनी धर्म बुडवला म्हटलं, आणि तिकडे चर्चच्या वरिष्ठांना त्या भारतासमोर ठेवायचा नमुना म्हणून हव्या होत्या. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तर बिशपांनी हरकत घेतली. कारण काय, तर हिंदुस्थानात त्यांच्या नावाला धक्का बसेल. रमाबाईंनी आश्चर्य व्यक्त करत उत्तर दिलं की आपल्या वडिलांनी किंवा पतीनं अशी हरकत कधी घेतली नव्हती. आपल्या देशातली माणसं काय म्हणतील हे त्यांनाच परक्यांकडून ऐकावं लागत होतं! पुढे १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, मग ते पुण्यात आलं. सदनातल्या काही मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी मुलींवर सक्ती केली नाही, आणि लोकांना शांत करण्यासाठी आपल्या प्रार्थनेचं दारही लावून घेतलं नाही. टीका दोन्हीकडून होत राहिली. काम केडगावला वाढत गेलं. रमाबाईंनी कोणत्याही बाजूला पसंत पडेल असं रूप घेतलं नाही, म्हणून आज शंभर वर्षांनीही त्यांच्या विश्वासावर माझा भरवसा बसतो.

नाव जपण्याच्या नादात माणसं कुठवर जातात याचा एक फार दुःखद दाखला आयर्लंडचा आहे. डब्लिनच्या आर्चडायोसिसमध्ये, म्हणजे तिथल्या कॅथलिक चर्चच्या धर्मप्रांतात, मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांची सरकारी आयोगानं चौकशी केली. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाचा निष्कर्ष असा, की चर्चच्या अधिकाऱ्यांनी गुप्तता राखणं, बोभाटा टाळणं, चर्चचं नाव आणि मालमत्ता सांभाळणं याला पहिलं स्थान दिलं, आणि मुलांचं हित त्याच्या मागे टाकलं. तुमचं बिलाचं प्रकरण त्यापुढे फार लहान आहे, मला ठाऊक आहे. पण ‘आपल्या लोकांचं नाव खराब होईल’ हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे, आणि दोन्हीकडे त्या वाक्याची किंमत सगळ्यात दुबळ्या माणसानं मोजली. आपल्या मंडळ्यांतसुद्धा पैशाचा घोळ, घरातली मारहाण, तरुण मुलींना झालेला त्रास, यावर पडदा टाकताना हेच वाक्य वापरलं जातं. म्हणून मला ते ऐकलं की राग येतो, आणि तो लपवावा असं मला वाटत नाही.

क्षमेविषयीही थोडं. त्या सहकाऱ्यानं ‘तुमच्यात क्षमा करतात ना’ म्हटलं. ज्यानं अपराध केला त्यालाच क्षमेची मागणी करण्याचा हक्क कसा, तोही चूक कबूल न करता? लूकच्या १७व्या अध्यायात क्रम साफ आहे: भावानं अपराध केला तर त्याला समज दे, त्याला पश्चात्ताप झाला तर क्षमा कर. पश्चात्ताप होईपर्यंतही मनातला डंख आपण देवाकडे सोपवू शकतो, त्याचं वाईट न चिंतू शकतो. ते तुमच्या हातात आहे आणि ते आजच करा. पण फाइलमधली नोंद खरी असणं हा क्षमेचा भाग नाही. तुम्ही त्याला मनापासून क्षमा करू शकता आणि त्याच दिवशी साहेबांना खरं काय ते लिहूनही देऊ शकता.

तुमच्यापुढचे रस्ते मला असे दिसतात. एक, आहे तसं चालू ठेवायचं. लेखापरीक्षण जवळ आलंय. बिल दोनदा गेल्याचं पुन्हा वर आलं तर तुमच्या सहीचा खुलासा तयारच आहे. शिवाय तुमची झोप. दुसरा, नोकरी बदलायची. तसं करायला हरकत नाही, पण खोटा खुलासा मागे ठेवून जाऊ नका. पुढच्या ठिकाणीही कुणीतरी ‘तुमच्यात क्षमा करतात ना’ म्हणणारा भेटेल. तिसरा, सरळ एचआरकडे तक्रार. तो हक्क तुमचा आहे, आणि सहकारी धमकावणारा किंवा अंगावर येणारा असेल तर तेच करा. पण तुमच्या पत्रावरून तो आळशी आणि सोयीस्कर माणूस वाटतो, धोकादायक नाही. म्हणून मी मत्तयच्या १८व्या अध्यायातल्या क्रमानं जाईन: आधी एकांतात, मग एकदोघांना बरोबर घेऊन, मग सगळ्यांसमोर. ऑफिसची रीतही फार वेगळी नसते.

आधी कागद गोळा करा. बिल कुणाच्या लॉगिननं पास झालं ते सिस्टिममध्ये असतं. एकाच नंबरचं बिल दुसऱ्यांदा टाकलं तर बहुतेक सिस्टिम अडवतात; तरी ते गेलं, म्हणजे नंबर टाकताना एखादी तिरपी रेघ किंवा शून्य इकडचं तिकडे झालं असणार. ते कुठल्या नोंदीत झालं ते बघा. सप्लायरकडून जादा रक्कम वसूल झाली का, पुढच्या बिलात वळती केली का, तेही पाहून ठेवा. साहेबांचा पहिला प्रश्न तोच असेल. मेल, तारखा, तुमच्याकडे सरकवलेली कामं, सगळं एका वहीत.

मग त्याच्याशी एकट्यानं बोला. दार उघडं ठेवून, चहाच्या वेळेला, आवाज न चढवता. ‘सर, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर ओरडले, ते चुकलं, माफ करा. पण त्या बिलाच्या खुलाशात मी जे लिहिलं ते खरं नव्हतं, आणि ते मला दुरुस्त करायचंय. तुम्ही स्वतः साहेबांशी बोललात तर बरं. या आठवड्यात बोला, नाहीतर सोमवारी मी जाईन.’ इतकंच. माफी ओरडण्याबद्दल, आणि फक्त ओरडण्याबद्दल. त्याच्या घरच्या अडचणी, तुमचा देव, त्याचा देव, काही मध्ये आणू नका. तो विरघळला, खरंच ओशाळला, तर त्याला वाट द्या. बरोबर जाऊन सांगू म्हणाला तर बरोबर जा. त्यानं थट्टेवारी नेलं तर वाद न घालता उठा. आणि ज्यांच्यासमोर ओरडलात त्या सगळ्यांनाही एकदा सांगून टाका, ‘त्या दिवशी माझा आवाज चढला, माफ करा.’ ख्रिस्ती माणसाचा तोल कधी जात नाही, हे तुम्हाला कुणाला पटवून द्यायचं नाही. चुकल्यावर सगळ्यांसमोर माफी मागणारं माणूस त्यांनी ऑफिसात क्वचितच पाहिलं असेल.

त्यानं काहीच केलं नाही तर साहेबांना लेखी द्या. मजकूर साधा ठेवा: ‘माझ्या अमुक तारखेच्या खुलाशात चूक माझी असल्याचं मी लिहिलं होतं. ते वस्तुस्थितीला धरून नव्हतं, आणि तसं लिहिल्याबद्दल मला खेद आहे. बिल पास झाल्याची नोंद सिस्टिममध्ये आहे, ती तपासावी ही विनंती.’ त्याचं नाव लिहायचीही गरज नाही; नोंद बोलेल. यात धोका आहे हे मी लपवत नाही. ‘तेव्हा खोटं का लिहिलं?’ असं विचारतील, कदाचित मेमोही मिळेल. तो घ्यावा लागेल. तुम्ही लिहिलेल्या खोट्याची तेवढी जबाबदारी तुमची आहे, त्यापलीकडची नाही. आणि घरची परिस्थिती अशी असेल की आज नोकरीला जरासाही धक्का परवडणार नाही, तर निदान दोन गोष्टी आजपासून करा: खरं नसलेल्या कुठल्याही कागदावर सही नाही, आणि त्याचं काम आलं की ‘साहेबांच्या मेलवरून पाठवा’. उरलेलं अप्रेझलनंतर करा. देव काही पंधरवड्याची मुदत घालून बसलेला नाही.

धर्मावरून मारलेले टोमणे या पत्रात घालू नका. बिलाचा विषय बिलाचा राहू द्या, नाहीतर खरी चूक बाजूला पडून सगळी चर्चा धर्मावर जाईल. टोमणे थांबले नाहीत तर त्यांची वेगळी नोंद ठेवा आणि वेगळी तक्रार करा.

रोजच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं? पेत्राच्या पहिल्या पत्रात, तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी विचारणाऱ्याला सौम्यपणे उत्तर द्यायला तयार असा, असं आहे. तुमच्या ठायी जी आशा आहे तिच्याविषयी. प्रत्येक बातमीविषयी, प्रत्येक पाळकाविषयी नव्हे. म्हणून सुरुवात नेहमी ‘माझ्यापुरतं सांगते’ अशी करा. पाळकाचं प्रकरण निघालं तर ‘ते खरं असेल तर शिक्षा व्हायलाच हवी, मलाही तेच वाटतं.’ पैसे देऊन धर्म बदलतात का, या प्रश्नावर ‘माझ्या घरी कुणी दिले नाहीत; दुसऱ्यांचं मी कसं सांगू?’ खरोखर जाणून घ्यायचं असलेला माणूस इथं थांबून पुढचं विचारेल. त्याच्याशी मन मोकळं करून बोला, नाताळला घरी बोलवा. ज्याला फक्त डिवचायचंय त्याला दुसरं वाक्य द्यायची गरज नाही. कॉम्प्युटरकडे वळलात तरी तुम्ही कुणाला नाकारलेलं नाही.

असं पत्र मला निरनिराळ्या माणसांकडून येतं. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या तरुणाला कुणाशी जरा वाजलं की ‘माळकरी ना तू?’ ऐकावं लागतं. हिजाब घालणाऱ्या मुलीला जगात कुठेही स्फोट झाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात. ‘जय भीम’ म्हणणाऱ्याला चिडण्याची मुभाच नसते. चिडला की ‘ही माणसं अशीच’. त्या सगळ्यांनाही मी हेच सांगेन: विश्वास तुमचा आहे, त्याला धरून वागा, पण कुणी ‘तुम्ही लोक’ म्हटलं की उत्तर ‘मी’पासून सुरू करा. ज्यांच्या ऑफिसात अशी एकटीदुकटी व्यक्ती आहे त्यांनी पुढच्या वेळी प्रश्न विचारण्याआधी तिला तिच्या कामाविषयी, मुलांविषयी विचारावं. आणि पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे, की कुणी अन्याय सांगायला आलं तर ‘साक्ष सांभाळ’ म्हणण्याआधी ‘काय झालं?’ हे विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.

ताई, हे एकटीनं करू नका. ऑफिसबाहेरचं एक माणूस निवडा, शक्यतो महिला मंडळातली एखादी नोकरी केलेली, वयानं मोठी बाई, जिला ऑफिसचं राजकारण कळतं. बोलायला जायच्या आदल्या दिवशी तिला फोन करा आणि बोलून आल्यावर पुन्हा करा. झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वास कमी पडण्याचा काही प्रश्न नाही. संडे स्कूल सोडायचा विचार तुमच्या पत्राच्या शेवटी डोकावतो, तो तूर्त बाजूला ठेवा. आणि तुम्ही दिलेल्या खुलाशाची प्रत तुमच्याकडे नसेल तर उद्या ऑफिसला गेल्यावर सगळ्यात आधी ती मागून घ्या; त्यातला नेमका शब्द न् शब्द माहीत असल्याशिवाय त्या सहकाऱ्याशी बोलायला जाऊ नका.